सणाच्या दुसऱ्या दिवशीची कोशिंबीर

आपल्याकडे रात्री भात उरला की सकाळी त्याचा फोडणीचा भात होतो आणि पोळ्या उरल्या की त्यांचा कुस्करा. अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ नावाचा सण असतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणजे शुक्रवारी तेथील कोट्यवधी घरांत असाच एक प्रश्न उभा राहतो. फरक इतकाच की तेथे उरलेला पदार्थ मूठभर नसून दोनतीन किलो असतो, आणि तो असतो भाजलेल्या टर्की पक्ष्याचा.

हा सण राष्ट्रीय पातळीवर दरवर्षी पाळण्याची प्रथा अब्राहम लिंकन यांच्या १८६३ सालच्या जाहीरनाम्यापासून रुळली आणि त्याचा वार १९४१ साली कायद्याने पक्का झाला. सणाच्या जेवणात मध्यभागी अख्खी भाजलेली टर्की असावी असा संकेत आहे. पाच ते दहा किलो वजनाचा हा पक्षी भट्टीत तीनचार तास भाजतात. घरात माणसे असतात सातआठ, तेव्हा पक्षी उरणार हे ठरलेलेच. मग दुसऱ्या दिवशी उरलेल्या मांसाचे बारीक तुकडे करून त्यात चिरलेली सेलरी, कांदा व भरपूर मेयोनेज घालून थंडगार सॅलड, म्हणजे एक प्रकारची कोशिंबीर, करतात. ती पावात घालून खातात किंवा सॅलडच्या पानांवर वाढतात.

ही कोशिंबीर चवदार असते, पण आदल्या दिवशीच्या भरपेट जेवणानंतर ती फार जड होते. ती हलकी कशी करावी, आणि मुख्य म्हणजे ती खाऊन कोणी आजारी पडू नये म्हणून काय करावे, या दोन्ही प्रश्नांत बरेच पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व जीवशास्त्र दडलेले आहे. तुम्ही मांसाहारी नसलात तरी वाचत राहा. यातले बहुतेक नियम उकडलेल्या बटाट्याला, छोल्यांना आणि लग्नघरच्या मोठ्या पातेल्यातल्या रश्श्यालाही लागू पडतात.

प्रथम या पक्ष्याची थोडी ओळख करून घेऊ. टर्की मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोतील लोकांनी ती माणसाळवली आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली. नावावरून मात्र भलताच घोटाळा झाला. इंग्रजांनी तिला तुर्कस्तानचे नाव दिले, फ्रेंचांनी व तुर्कांनी हिंदुस्थानचे, आणि पोर्तुगीज तिला ‘पेरू’ म्हणतात! आपण ज्या फळाला पेरू म्हणतो तेही अमेरिकेतूनच आलेले आहे, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. भारतात हा पक्षी पोहोचला तो पोर्तुगीजांच्या गोव्यामार्गे. १६१२ साली मुकर्रब खान या सरदाराने गोव्याहून जे नवलाईचे प्राणी जहांगीर बादशहाकडे आणले त्यांत एक टर्की होती. तिच्या मानेचे रंग सरड्यासारखे बदलतात, अशी नोंद बादशहाने आपल्या आठवणींत केली आहे. दरबारचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले तिचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आता उरलेल्या टर्कीकडे वळू. ताटात तिचे दोन प्रकारचे मांस दिसते. छातीचे मांस पांढरट असते आणि मांड्यांचे तपकिरी. एकाच पक्ष्यात हा भेद का? टर्की दिवसभर चालते, पण उडते क्वचितच आणि तेही जरासे. तासन्‌तास काम करणाऱ्या पायाच्या स्नायूंना प्राणवायूचा सतत पुरवठा लागतो. तो साठवून ठेवण्याचे काम मायोग्लोबिन नावाचे लोहयुक्त प्रथिन करते व त्यामुळे स्नायूला गडद रंग येतो. हे स्नायू इंधन म्हणून मेदही वापरतात, म्हणून त्यांत मेदाचे प्रमाण अधिक असते. छातीचे स्नायू क्षणभर जोराचे काम करून थांबणारे. त्यांना मायोग्लोबिन फारसे लागत नाही. दूरवर उडणाऱ्या कबुतराची छाती गडद असते ती याच कारणाने.

कातडी काढलेल्या छातीच्या १०० ग्रॅम भाजलेल्या मांसात सुमारे ३० ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम २ ग्रॅम मेद असतो. त्यापासून साधारण १५० उष्मांक, म्हणजे किलोकॅलरी, मिळतात. मांडीच्या मांसात मेद सुमारे ६ ग्रॅम आणि उष्मांक १७० ते १७५ असतात. म्हणजे मांस कोणतेही घेतले तरी फार बिघडत नाही. खरा मेद असतो कातडीत आणि तिच्या खालच्या थरात. ती काढून टाकली की मांसापुरते काम संपले.

मग ही कोशिंबीर जड कशाने होते? उत्तर मेयोनेजमध्ये आहे.

मेयोनेज म्हणजे तेल आणि शिरका (किंवा लिंबाचा रस) यांचे अंड्याच्या बलकाच्या साहाय्याने केलेले पायस. तेल व पाणी एकत्र राहत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे. एका बाटलीत थोडे तेल व थोडा शिरका घालून जोराने हलवा. क्षणभर पांढरट मिश्रण दिसेल आणि पाहता पाहता तेल वर येईल. दुसऱ्या बाटलीत तेच घेऊन चमचाभर वाटलेली मोहरी घाला आणि हलवा. या वेळी तेल वर यायला बराच अधिक वेळ लागतो. मोहरीतील चिकट द्रव्य आणि तिचे सूक्ष्म कण तेलाच्या थेंबांभोवती आड येतात व त्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. अंड्याच्या बलकातील लेसिथिन आणि प्रथिने हेच काम कितीतरी सरस करतात. लेसिथिनच्या रेणूचे एक टोक तेलात रमते, दुसरे पाण्यात. त्यामुळे तो दोहोंच्या सीमेवर पहारा देत उभा राहतो.

हा पहारा किती मोठ्या सीमेवर द्यावा लागतो याचा हिशोब करून पाहा. एक मोठा चमचा, म्हणजे १५ घन सेंटिमीटर तेल घोटून त्याचे ५ मायक्रॉन व्यासाचे थेंब केले, तर थेंबांची संख्या २३ हजार कोटींच्या आसपास जाते आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ होते १८ चौरस मीटर. एखाद्या प्रशस्त खोलीची जमीन म्हणा ना! एकाच आकाराचे गोल कितीही दाटीने रचले तरी ते जागेचा ७४ टक्क्यांहून अधिक भाग व्यापू शकत नाहीत. मेयोनेजमध्ये तेल इतके ठासून भरलेले असते की थेंब एकमेकांना दाबून धरतात व हलू शकत नाहीत. पातळ तेल आणि पातळ शिरका यांपासून चमच्यावर उभे राहणारे घट्ट मेयोनेज होते ते यामुळे. अमेरिकेतील नियमाप्रमाणे मेयोनेज या नावाने विकायच्या पदार्थात वजनाने किमान ६५ टक्के तेल असावेच लागते. प्रत्यक्षात ते बहुधा ७० ते ८० टक्के असते.

चार माणसांसाठी ४०० ग्रॅम छातीचे मांस घेतले तर त्याचे उष्मांक झाले सुमारे ६००. त्यात पाऊण कप, म्हणजे १७० ग्रॅम मेयोनेज घातले आणि त्यात ७५ टक्के मेद धरला, तर मेद झाला १२७ ग्रॅम. एक ग्रॅम मेदापासून ९ उष्मांक मिळतात, तेव्हा नुसत्या मेयोनेजचे उष्मांक ११०० च्या वर गेले. मांसापेक्षा त्याला लावलेले ‘लावण’ जवळजवळ दुप्पट भारी! प्रथिने व कर्बोदके ग्रॅमला ४ उष्मांक देतात, हे लक्षात घेतले म्हणजे मेद कमी करण्यावर एवढा भर का, ते कळेल.

आणखी एक गोष्ट. मराठीत आपण एखादा पदार्थ ‘पचायला जड’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात उष्मांक नसतात. पण त्या बोलण्यात तथ्य आहे. जेवणात मेद अधिक असला की जठर रिकामे व्हायला वेळ लागतो आणि पोट बराच काळ भरलेले वाटते. सणाच्या जेवणानंतर येणाऱ्या झोपेचा दोष अमेरिकेत टर्कीतील ट्रिप्टोफेन नावाच्या अमिनो आम्लाला देण्याची पद्धत आहे. वस्तुतः ते टर्कीत इतर मांसांपेक्षा काही विशेष नसते. एवढे जेवल्यावर कोणालाही झोप येईल.

मेयोनेज नुसते कमी करून मात्र भागत नाही. छातीच्या मांसात मेद कमी, आणि शिजल्यावर मऊ जिलेटिनमध्ये रूपांतर होणारे कोलॅजेनही कमी. त्यामुळे थंड झाल्यावर ते कोरडे लागते, घशाखाली उतरत नाही. मेयोनेज त्या तुकड्यांना ओलावा देते, बुळबुळीतपणा देते, आंबट चव देते आणि सगळे जिन्नस एकत्र धरून ठेवते. त्याच्या जागी दुसरे काही घालायचे तर त्याने ही सगळी कामे केली पाहिजेत.

आपल्याला परिचयाचा चक्का येथे उत्तम उपयोगी पडतो. दूध विरजले की दुधातील केसीन प्रथिनाचे जाळे बनते व त्यात पाणी अडकते. दही फडक्यात टांगून ठेवले म्हणजे त्यातील बरेच पाणी निथळते आणि जाळे दाट होते. अमेरिकेत असे निथळलेले दही ‘ग्रीक योगर्ट’ या नावाने मिळते. नुसते दही का नको? कारण मीठ लागताच आणि ढवळताच जाळे मोडून पाणी सुटते व कोशिंबिरीखाली तळे साचते. काकडीच्या कोशिंबिरीचा असा अनुभव तुमच्या घरी सर्वांना असेल.

१७० ग्रॅम मेयोनेजऐवजी १३० ग्रॅम साय काढलेल्या दुधाच्या दह्याचा चक्का आणि ४० ग्रॅम मेयोनेज असे मिश्रण घ्या. चक्क्याचे उष्मांक ८० ते १०० आणि मेयोनेजचे सुमारे २७०. एकूण साडेतीनशेच्या आसपास. चार जणांत मिळून जवळजवळ ८०० उष्मांक वाचले, म्हणजे माणशी २००. मेयोनेज अजिबात वगळले तर आणखी वाचतील, पण माझ्या मते तो हट्ट धरू नये. जिभेला तेलाचा जो गुळगुळीत स्पर्श हवा असतो तो थोड्याशा मेयोनेजने मिळतो आणि चक्क्याचा आंबट खरखरीतपणा झाकला जातो. शिवाय भाज्यांतील काही जीवनसत्त्वे मेदातच विरघळतात.

हलकेपणाचा दुसरा मार्ग म्हणजे मांसाचा वाटा कमी करून पाणीदार, कुरकुरीत भाज्या व फळे वाढवणे. सेलरी ही ओवा, कोथिंबीर व गाजर यांच्या कुळातील वनस्पती. तिचे जाड, रसाळ देठ वापरतात. देठाचा कुरकुरीतपणा पेशींत कोंडलेल्या पाण्याच्या दाबामुळे येतो. मलूल झालेले देठ अर्धा तास थंड पाण्यात ठेवले की परासरणाने पाणी आत शिरते व ते पुन्हा ताठ होतात. मीठ आधी चोळाल तर याच्या नेमके उलट होईल, म्हणून मीठ अगदी शेवटी. सफरचंदाच्या फोडी घालायच्या तर चिरल्याबरोबर त्यांना लिंबू लावावे. कापल्यामुळे मोकळे झालेले विकर हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने फोडी तपकिरी करते; आम्लात त्याचे काम मंदावते. सफरचंद, सेलरी आणि मेयोनेज ही जोडी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात १८९० च्या दशकात प्रसिद्धीस आली. द्राक्षे, अक्रोड, वाळवलेली क्रॅनबेरी यांपैकी जे असेल ते चालते. अक्रोडात मात्र मेद भरपूर असतो, तेव्हा मूठभर नको, चारदोन पुरेत.

थंड कोशिंबीर करण्यात आणखी एक शहाणपण आहे. टर्की दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम केली की तिला एक विचित्र वास येतो. काहींना तो पुठ्ठ्यासारखा वाटतो, काहींना जुन्या तेलासारखा. १९५८ साली टिम्स व वॉट्स या संशोधकांनी शिजवलेल्या मांसातील या दोषाला एक नाव दिले. मराठीत आपण त्याला ‘पुनस्तापित वास’ म्हणू. शिजताना स्नायूंच्या पेशींची आवरणे फुटतात. त्या आवरणांतील असंतृप्त मेदाम्ले उघडी पडतात, मायोग्लोबिनमधून सुटलेले लोह उत्प्रेरकाचे काम करते आणि हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन वासाची नवी संयुगे तयार होतात. टर्कीत अशी मेदाम्ले बरीच आणि त्यांचे रक्षण करणारे ई जीवनसत्त्व थोडे, म्हणून हा वास तिला कोंबडीपेक्षा लवकर येतो. हाडापासून सोडवलेले मांस लगेच हवाबंद झाकून शीतकपाटात ठेवले तर ही क्रिया मंदावते. थंडच खाल्ल्यास वासाची बाष्पे कमी सुटतात. उरलेसुरले लिंबू, कांदा व मिरपूड झाकून टाकतात.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. चव बिघडली तर फारसे बिघडत नाही, पण जिवाणू वाढले तर सणाचे घर दवाखान्याच्या वाटेला लागते. शिळ्या मांसातला मुख्य अपराधी ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ हा जिवाणू होय. त्याची मुख्य युक्ती म्हणजे बीजाणू. शिजवण्याच्या उष्णतेत साधे जिवाणू मरतात, पण हे बीजाणू तग धरतात. मांस थंड होऊ लागले की ते जागे होतात. ४३ ते ४७ अंश सेल्सियस हे त्यांचे आवडते तापमान. तेथे त्यांची संख्या दहाएक मिनिटांत दुप्पट होऊ शकते. दहा मिनिटांना दुप्पट म्हणजे दोन तासांत किती पट, हे वहीवर मांडून पाहा. बारा वेळा दुप्पट, म्हणजे ४०९६ पट! असे अन्न खाल्ल्यावर आतड्यात विष तयार होते आणि ६ ते २४ तासांत पोटात कळा येऊन जुलाब सुरू होतात. मांसाचा रंग, वास, चव यांत काहीच फरक दिसत नाही, हे विशेष. अमेरिकेत या जिवाणूमुळे वर्षाला आजारी पडणाऱ्यांची संख्या नऊदहा लाखांच्या घरात असावी असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे, आणि याचे उद्रेक नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे सणांच्या दिवसांत, पुष्कळ होतात.

म्हणून नियम असा की भट्टीतून काढलेली टर्की दोन तासांच्या आत शीतकपाटात गेली पाहिजे, आणि हवा ३२ अंशांहून अधिक गरम असेल तर एकाच तासात. आपल्याकडचा उन्हाळा आठवा, म्हणजे हा दुसरा नियम आपल्यासाठीच केला आहे की काय असे वाटेल.

पण अख्खी टर्की तशीच शीतकपाटात ठेवली तर? बाहेरून थंड झाली तरी आतला गाभा कित्येक तास कोमट राहतो. समजा, मांसाचा २० सेंटिमीटर बाजूचा घन आहे. त्याचे पृष्ठफळ २४०० चौरस सेंटिमीटर. त्याचे २ सेंटिमीटर जाडीचे दहा काप केले तर प्रत्येकाचे पृष्ठफळ ९६० आणि सर्वांचे मिळून ९६००, म्हणजे चौपट. उष्णता बाहेर पडायला चौपट दारे उघडली. शिवाय गाभ्यापासून दारापर्यंतचे अंतर दहा सेंटिमीटरवरून एकावर आले. काप पसरट डब्यात पसरून ठेवले की झाले. याची परीक्षा तुम्ही बटाट्यावर करू शकता. सारख्या आकाराचे दोन बटाटे उकडा, एकाचे चार तुकडे करा, आणि अख्ख्या बटाट्याच्या व एका तुकड्याच्या मध्यभागी तापमापी खोचून दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढले की फरक डोळ्यांना दिसेल. वर्गात हा प्रयोग करताना तापमापी बटाट्यात जोराने खुपसू नये. आधी सुईने भोक पाडावे.

आपल्या घरचा मटणाचा रस्सा मोठ्या पातेल्यात रात्रभर ओट्यावर राहतो तेव्हा हेच घडते. तो लहान पसरट भांड्यांत वाटून ठेवावा. सकाळी उकळी आणली की झाले असे अनेकांना वाटते. उकळीने वाढलेले जिवाणू मरतात हे खरे, पण बीजाणू पुन्हा शिल्लक राहतातच, आणि काही इतर जिवाणूंची अन्नातच तयार झालेली विषे उकळूनही जात नाहीत.

कोशिंबीर बाधली की दोष बहुधा मेयोनेजला दिला जातो. कारखान्यात तयार केलेल्या मेयोनेजच्या बाबतीत तो अन्यायच आहे. त्यात शिरक्याचे आम्ल असते आणि वापरलेली अंडी जंतुरहित केलेली असतात. बिघडते ते त्यातले मांस. घरी किंवा हॉटेलात कच्च्या अंड्याचे केलेले मेयोनेज मात्र खरोखर धोक्याचे, कारण अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. २०२४ साली तेलंगण सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर एक वर्षाची बंदी घातली होती ती याच कारणाने. चक्काही आंबट असतो, पण मांसात मिसळल्यावर त्याची आम्लता पातळ होते, म्हणून त्याच्या भरवशावर कोशिंबीर बाहेर ठेवू नये.

चार अंश किंवा त्याहून कमी तापमानात ठेवलेले शिजवलेले मांस तीनचार दिवस टिकते. गुरुवारची टर्की सोमवारपर्यंत संपवावी, नाहीतर शुक्रवारीच तिचे तुकडे गोठवून ठेवावेत. गोठवायचे ते नुसते मांस, कोशिंबीर नव्हे. बर्फाच्या स्फटिकांनी सेलरीच्या पेशी फाटतात आणि मेयोनेजमधील थेंबांभोवतीचा पहारा मोडतो. वितळल्यावर खाली पाणी, वर तेल आणि मधे मऊ पडलेले देठ असा प्रकार हाती येतो. खात्री करून घ्यायची असेल तर चमचाभर मेयोनेज एका लहान वाटीत रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी ते वितळताना पाहा.